दोन दारांची भुईखोप

मे महिन्यात रेडिओनं सांगितलं, की यंदा वादळं नेहमीपेक्षा जास्त येणार. जूनमध्ये तेच अवोकाडोच्या झाडानं सांगितलं. फांद्या भुईला टेकेपर्यंत फळ धरलं, आणि पुंता हिबारा या समुद्रकाठच्या गावात असं फळ लगडलं की माणसं खाली टोपली ठेवायच्या आधी वर छपराकडे बघतात. तिसरा अंदाज उरला होता तो शेजारच्या रेमिहियोच्या गुडघ्याचा. पण गुडघा मे-जूनमध्ये तोंड उघडत नसे. वादळ एक-दोन दिवसांवर आलं की तो बोलायचा, आणि आजवर एकदाही चुकला नव्हता.

अडचण एकच होती. निकानोरचं आणि रेमिहियोचं बोलणं नव्हतं. त्यामुळे त्याच्या गुडघ्याशीही निकानोरला बोलता येत नव्हतं.

निकानोर कोळसा पाडायचा. त्याची बायको बेल्किस घर, कोंबड्या आणि युका या कंदाच्या शेताचा तुकडा सांभाळायची. तिला लहानपणापासून 'का' विचारायची खोड होती, आणि पन्नाशीला आली तरी ती सुटली नव्हती.

"निकानोर, वादळ येणार हे झाडाला कसं कळतं रे?"

"झाडाला विचार."

बेल्किस खरंच जाऊन झाडाखाली उभी राहिली. एक अवोकाडो तिच्या खांद्यावर पडला. याला उत्तर म्हणावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

"आणि वादळांना माणसांची नावं का देतात?"

"म्हणजे शिव्या देताना सोपं जातं."

त्यांची मुलगी यामिस्लेइदी नाल्यापलीकडच्या शाळेत स्वयंपाकाला होती. तिनं एकदा कुठंतरी वाचलं होतं, की वादळांच्या नावांत 'य' घेतच नाहीत. तेव्हापासून ती नाराज होती. गावातल्या तिच्या वयाच्या निम्म्या पोरी य-वरूनच होत्या, म्हणजे सगळ्यांनाच डावललं होतं.

*

भांडणाचं मूळ पत्र्यांत होतं. पुंता हिबारात प्रत्येक जण आपल्या पत्र्यांना आपल्या रंगाचा पट्टा मारतो. वादळ ओसरलं की शेतात, झाडावर, कुणाच्या विहिरीत पडलेले पत्रे ओळखून घरी न्यायचे, अशी रीत. निकानोरचा रंग निळा. मागच्या मोठ्या वादळात त्याचं अख्खं छप्पर उडालं आणि शेजारी रेमिहियोच्या घेवड्याच्या वाफ्यांवर जाऊन झोपलं. निकानोर पत्रे आणायला गेला, तेव्हा रेमिहियो पत्र्यावर बसून सिगार ओढत होता.

"घेवडा दे, पत्रे ने," रेमिहियो म्हणाला.

"घेवडा मी मोडला का? वाऱ्यानं मोडला. जा, वाऱ्याकडे माग."

"मग पत्रेही वाऱ्यानंच दिलेत. मी वाऱ्याला परत करीन."

दोघं एकमेकांचे कोंपाय. म्हणजे यामिस्लेइदीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं होतं ते रेमिहियोनं, आणि हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड मानतात. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निळ्या पट्ट्याचे पत्रे रेमिहियोच्या डुकरिणीच्या गोठ्यावर चढले. डुकरिणीचं नाव मार्केसा. रंग खरवडायचीही तसदी रेमिहियोनं घेतली नाही. निकानोरला ते जास्त झोंबलं. कुंपणापाशी उभा राहून, टोपी काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ज्या छपराखाली हा राहतो किंवा ह्याचं डुक्कर राहतं, त्या छपराच्या सावलीत मी पाऊल टाकणार नाही!"

त्यानंतर निकानोरच्या घरावर तीन वर्षं ताडाच्या झावळ्या होत्या. चौथ्या वर्षी, अर्ज करकरून, नवे पत्रे आले. निकानोरनं ते लावायच्या आधी रात्रभर घरात झोपवले आणि स्वतः बाहेर झोपला.

"हे गेले," तो बेल्किसला म्हणाला, "तर पुढचे आपल्या मयताला येतील."

म्हणून यंदा त्यानं ठरवलं होतं, वादळाला छप्पर नेऊच द्यायचं नाही. आपणच आधी उतरवायचं, जमिनीवर एकावर एक पालथं घालायचं आणि वर वजन टाकायचं. गावात बरेच जण असं करतात. शहाणपण उतरवण्यात नसतं, ते कधी उतरवायचं यात असतं.

*

ऑगस्टमध्ये पहिलं वादळ निघालं. वीज नेहमीप्रमाणे आधीच गेली होती, त्यामुळे गावातले सगळे रेडिओ मुके. निकानोर झाडाखाली गेला. फळं टपाटप गळत होती.

"उतरवायचं," तो म्हणाला.

"गुडघ्याचं काय म्हणणं आहे ते तरी विचारू?" बेल्किस म्हणाली.

"कुणाच्या?"

"कुणाच्या नाही," बेल्किस म्हणाली आणि शिडी धरायला गेली.

दिवसभर दोघं खिळे उपसत होती. गंजका खिळा सरळ निघत नाही. आधी तो हाताचं कातडं सोलतो, मग निघतो. बेल्किस प्रत्येक खिळा ठोकून सरळ करून डब्यात टाकत होती. संध्याकाळी पत्रे परसात निजले, त्यांच्यावर कोळशाची पोती आणि ताडाचे ओंडके चढले. कुंपणापलीकडे रेमिहियोची बायको दिग्ना कपडे वाळत घालत होती.

"बेल्किस, अगं हे काय?"

"वादळ येतंय ना."

"आमच्याकडे तर तो म्हणाला, गुडघा गप्प आहे. वळणार म्हणे."

आणि वादळ वळलं. समुद्रातच मेक्सिकोकडे तोंड फिरवून निघून गेलं. पुंता हिबारात नुसती झुळूक आली आणि डास आले. निकानोर आणि बेल्किस छप्पर नसलेल्या घरात, आपल्या पलंगावर, ताऱ्यांखाली झोपली. सकाळी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा.

"काय निकानोर, आत आभाळ कसं आहे?"

"घर हवेशीर केलंस बाबा!"

"दार वाजवून येऊ, की वरून उतरू?"

निकानोर घराचं दार नीट लावून आत बसला होता. वरून सगळ्यांना दिसत होताच. बेल्किसनं त्याला कॉफी दिली. तिला खरंच एक गोष्ट कळत नव्हती. झाड चुकतं, रेडिओ बंद पडतो, मग हाडाच्या वाटीत असं काय असतं, की तिला मेक्सिको कळतो?

*

पुंता हिबारात मोठ्या वादळाला माणसं घरात थांबत नाहीत, भुईखोपीत शिरतात. भुईखोपीला भिंत नसते. दोन्ही बाजूंचं छप्परच थेट जमिनीत रोवलेलं, वर झावळ्यांचे थर, तारेनं आवळलेले. वाऱ्याला धरायला काही सापडतच नाही. दार एकच आणि ते इतकं बुटकं, की राजा असो की कोळसेवाला, गुडघ्यांवर रांगतच आत जायचं.

निकानोरच्या आणि रेमिहियोच्या बापांनी मिळून एक भुईखोप बांधली होती, बरोबर दोघांच्या हद्दीवर. तेव्हा दोघांची गोडी होती, त्यामुळे दार कुणाच्या बाजूला हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. ते रेमिहियोच्या बाजूला निघालं. आता त्या दाराला लागूनच मार्केसाचा गोठा होता, आणि निळ्या पट्ट्याच्या पत्र्यांची सावली रोज दारात पडायची.

सप्टेंबरच्या शेवटी दक्षिणेच्या समुद्रात दुसरं वादळ उठलं. त्याला कुठल्या तरी गोऱ्या बाईचं नाव होतं. गावात ते कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून सगळे 'ती बाई' म्हणू लागले. ती बाई येणार की वळणार? वीज गेलेलीच होती. निकानोर झाडाकडे गेलाच नाही. झाडाशीही त्यानं बोलणं टाकलं होतं.

बेल्किस मात्र अंडी द्यायच्या निमित्तानं कुंपणाशी गेली.

"दिग्ना, तो कसा आहे?"

"कोण?"

"गुडघा गं."

दिग्नानं घराकडे पाहिलं. "पहाटेपासून ओरडतोय. म्हणतो, ही बाई चुकत नाही. उद्या दुपारच्या आत."

बेल्किस घरी आली. निकानोर भट्टीवर माती लिंपत होता.

"उतरवायचं," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

निकानोरनं तिच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. अंडी कुणाकडे गेली ते त्याला कळलं. तो शिडी आणायला गेला. मागच्या वेळी ज्या हातांची साल निघाली होती, त्याच हातांनी परत चढवलेल्या पत्र्यांचे खिळे पुन्हा उपसायचे होते. रस्त्यावरून जाणारे या वेळी हसले नाहीत. ते स्वतःच आपापल्या घरांवर चढले होते.

दुपारी म्हातारीकोतारी आणि पोरं न्यायला ट्रक आला. यामिस्लेइदी त्यात चढली, तिला शाळेत दोनशे माणसांचा भात रांधायचा होता. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या खेपेला तुम्हाला नेतो. पुढच्या खेपेआधी नाल्यानं पूल गिळला.

"म्हणजे भुईखोप," बेल्किस म्हणाली.

"मी त्या दारातून जाणार नाही."

"दुसरं दार नाही."

हे वाक्य बोलल्याचा बेल्किसला पुढं फार पश्चात्ताप झाला. निकानोर उठला, करवत घेतली आणि खोपीच्या मागच्या बाजूला, आपल्या हद्दीतून, नवं दार कापायला बसला.

आतून रेमिहियोचा आवाज आला. तो आधीच जागा अडवून बसला होता, एक पाय सरळ लांब करून. "दिग्ना, त्याला विचार, तो काय करतोय?"

"बेल्किस, तो काय करतोय?"

"दार करतोय."

"त्याला म्हणावं, खोपीला एकच तोंड असतं. दोन तोंडं असली की तिला बासरी म्हणतात."

निकानोर करवत ओढत राहिला. "बेल्किस, त्याला सांग, माझ्या बापाच्या निम्म्या खोपीला मी कितीही तोंडं करीन."

कापून झाल्यावर त्यानं जुन्या बुटाच्या चामड्याच्या बिजागऱ्या ठोकून फळी लावली. दार मूळच्यापेक्षाही बुटकं झालं. गुडघ्यांवर रांगून भागेना, पोटावर सरपटावं लागलं. निकानोर सरपटत आत गेला, ताठ बसला आणि म्हणाला, "बेल्किस, ह्याला म्हणतात आपल्या दारानं येणं."

*

ती बाई सकाळी आली. आधी आभाळ शिळ्या कॉफीसारखं झालं, मग झावळ्या एकाच दिशेला केस विंचरल्यासारख्या झाल्या. खोपीत चार माणसं, अकरा कोंबड्या आणि एक कंदील. मार्केसा बाहेर होती. दिग्ना म्हणाली होती, हिलाही आत घेऊ, पण निकानोर म्हणाला, "ती तरी किंवा मी तरी," आणि रेमिहियोनं बराच वेळ विचार केला होता, हे निकानोरला दिसलं होतं.

वारा वाढला. बोलायचं म्हणजे कानात ओरडायचं. बेल्किसनं हात वर करून छपराला लावला. ते दम लागलेल्या माणसाच्या छातीसारखं वर-खाली होत होतं. असं ते कधी व्हायचं नाही. तिला का ते लगेच कळलं, आणि पहिल्यांदाच कळल्याचा आनंद झाला नाही.

तेवढ्यात बुटाचं चामडं तुटलं. फळी कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. नव्या दारातून वारा आत घुसला, कोंबड्या हवेत उठल्या, कंदील विझला आणि जमिनीत रोवलेला छपराचा एक वासा करकरत बोटभर वर आला. वासा वर आला म्हणजे खोप जाणार. खोप गेली म्हणजे माणसं जाणार.

"पाठ लाव!" रेमिहियो ओरडला. कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. निकानोरनं भोकाला पाठ लावली. वाऱ्यानं त्याला उचलून रेमिहियोच्या मांडीवर टाकलं.

बाहेर पत्रे फाटल्याचा आवाज झाला. निळ्या पट्ट्याचे पत्रे, तीन वर्षं ज्यांच्यावरून बोलणं नव्हतं ते, एका फटक्यात दोघांच्याही हातून गेले. त्यामागून एक किंकाळी आली. माणसाची नव्हती, पण माणसापेक्षा जास्त रागावलेली होती. ती खोपीला वळसा घालून या बाजूनं त्या बाजूला गेली, आणि नव्या भोकातून मार्केसाचं डोकं आत आलं. मग मान. मग खांदे. मग पोट आलं, आणि पोट अडकलं.

वारा थांबला.

बाहेर नाही. बाहेर जग मोडत होतं. पण आत एकदम शांत झालं. कोंबड्या खाली पडल्या. बेल्किसनं छपराला हात लावला, छाती स्थिर होती. निकानोरच्या तोंडासमोर, चार बोटांवर, मार्केसाचं तोंड होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

मार्केसालाही अडचण कळली असावी. ती मागे सरकू लागली.

"धर!" रेमिहियो म्हणाला.

निकानोरनं तिचा उजवा पुढचा पाय धरला, रेमिहियोनं डावा.

"सोडू नको, कोंपाय."

"तू सोडू नको."

तीन वर्षांनंतरचं पहिलं बोलणं एवढंच झालं. पण ते बायकांच्या हातून न जाता थेट झालं.

मध्येच वादळाचा डोळा डोक्यावर आला. पाऊस थांबला, एक पक्षीही बोलला. दिग्ना म्हणाली, "संपलं. हिला काढा बिचारीला."

"गप," दोघं पुरुष एकदम म्हणाले. "अजून निम्मी बाई बाकी आहे."

उरलेली निम्मी उलट्या बाजूनं आली. आता वारा मार्केसाला आत ढकलत नव्हता, बाहेर ओढत होता. दोघांनी पाय भुईत रोवले. निकानोरच्या सोललेल्या तळव्यांतून रक्त आलं, डुकरिणीच्या पायाला लागलं. रेमिहियोचा दुखरा पाय सरळ राहीना. शेवटी त्यानं तो निकानोरच्या पाठीला टेकवला आणि जोर लावला. निकानोरनं पाठ काढली नाही.

*

दुपार कलता कलता माणसं बाहेर आली. जुन्या दारातून, गुडघ्यांवर, एकामागून एक, कारण नवं दार रिकामं नव्हतं. निकानोरही. गोठ्याला छप्परच नसल्यामुळे दारात सावली नव्हती, हे त्यानं आधी डोकं बाहेर काढून पाहून घेतलं.

मार्केसाला सोडवायला भोक मोठं करावं लागलं. निकानोरनंच करवत चालवली, आणि तिच्या पोटाजवळ आल्यावर इतकी हळू, की दिग्ना म्हणाली, माझ्या बाळंतपणातही एवढी काळजी कुणी घेतली नव्हती.

मग सगळ्यांनी आपापल्या घरांकडे पाहिलं.

निकानोरच्या परसात नवे पत्रे जसेच्या तसे निजलेले होते. कोळसा पाणी पिऊन दुप्पट जड झाला होता. एक पत्रा हलला नव्हता. घर मात्र नव्हतं. चारही भिंती, दार, पलंग, सगळं समुद्राकडे गेलं होतं. कुंपणापलीकडे रेमिहियोच्या भिंती खणखणीत उभ्या होत्या. खिडकीतला आरसाही फुटला नव्हता. छप्पर मात्र नव्हतं. गुडघ्यानं वेळ अचूक सांगितली होती, पण त्याच गुडघ्यामुळे रेमिहियोला शिडी चढता आली नव्हती.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार, असं माणसं म्हणतात. इथे ठिगळ शाबूत होतं, पण ज्याचं होतं त्याच्याकडे ते लावायला भिंती नव्हत्या, नुसतं आभाळ उरलं होतं. चौघंही बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"कोंपाय," रेमिहियो म्हणाला, "माझ्याकडे भिंती आहेत."

निकानोर पत्र्यांकडे गेला आणि ओंडके बाजूला करू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो रेमिहियोच्या घरावर होता. बेल्किस खालून डब्यातले सरळ केलेले खिळे देत होती. रेमिहियो खाली बसून, पाय लांब करून, वाकडं काय लागतंय ते सांगत होता. बेल्किसला आता राहवेना.

"रेमिहियो, खरं सांग. गुडघ्याला कसं कळतं?"

रेमिहियोनं आजूबाजूला पाहिलं. "दुखतो तर तो रोजच."

"मग?"

"माझ्याकडे छोटा रेडिओ आहे. बॅटऱ्या जपून ठेवतो. गोधडीत घेऊन बातम्या ऐकतो."

दिग्नाच्या हातातलं भांडं खाली आलं. "मला म्हणायचास, बेसबॉल लागलाय!"

"मग सरळ सांगायचं ना, रेडिओ म्हणाला म्हणून!" बेल्किस म्हणाली.

"एकदा सांगितलं होतं. लोक म्हणाले, रेडिओला काय कळतंय. गुडघा म्हणाला म्हटलं, की सगळे शिड्या काढतात."

वर हातोडा थांबला होता. निकानोरनं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं हातोडा पुन्हा सुरू झाला, पण जरा जोरात.

चार वाजता शेवटचा पत्रा बसला. दिग्नानं काळ्या घेवड्याचा भात केला होता. खालून हाक आली. निकानोर उतरेना.

"ये ना रे जेवायला," बेल्किस म्हणाली.

"कसा येऊ? शपथ आहे. ह्याच्या छपराच्या सावलीत पाऊल टाकणार नाही म्हणालोय."

"पत्रे तुझे आहेत."

"पण खाली राहतो तो."

"मग काय करणार आहेस?"

"वर सावली नसते," निकानोर म्हणाला, आणि आपल्याच पत्र्यांवर पाय पसरून बसला. पत्रे तापलेले होते. तो अधूनमधून कूस बदलत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, काय निकानोर, या वेळी घराच्या वर का? खाली रेमिहियो ताट पुढ्यात घेऊन बसला होता, पण घास उचलत नव्हता. मार्केसा भिंतीला टेकून झोपली होती, पोटाला मलम लावलेली.

बेल्किस अंगणात उभी राहून बघत होती. घराची सावली आधी अंगणभर होती, मग कुंपणापर्यंत लांबली, मग तिच्या जुन्या घराच्या मोकळ्या जागेवरून सरकत गेली. एवढीशी चार भिंतींची सावली इतकी लांब कशी जाते, ते तिनं याआधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. सूर्य खारफुटीच्या मागे टेकला. सावली पातळ झाली आणि मग कुठे संपली तेही कळेना.

"निकानोर," तिनं हाक मारली. "गेली बघ. आता कुणाचीच नाही."

निकानोरनं वरून सगळीकडे नीट पाहून खात्री केली आणि शिडीवर पाय ठेवला. खालून रेमिहियोनं शिडी धरली होती.